पोर्टेबल कार्पेट मशिनसाठी जनरेटर: आधी हीटरचा निकाल लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन व्हॅक्यूम मोटर, ५०० पीएसआय दाबाचा पंप आणि आतच बसवलेला हीटर असलेलं पोर्टेबल एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे कार्पेटवर पाणी मारून ते मळासकट परत ओढून घेणारं मशिन आहे. काही साइटवर वीजच नसते. काही ठिकाणी असते, पण मशिन लावलं की एमसीबी पडतो. ५ केव्हीएचा जनरेटर घ्यायचा विचार आहे. तो पुरेल का, साधा घ्यावा की इन्व्हर्टरवाला, आणि कोणत्या कंपनीचा?

हीटर बंद ठेवून काम करणार असाल तर ५ केव्हीए पुरेल, तोही ते ५ केव्हीए खरे असतील तर. हीटरसकट सगळं एकदम चालवायचं असेल तर नाही पुरणार. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं, म्हणून ‘कोणत्या कंपनीचा’ या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

आधी ‘खरे ५ केव्हीए’ म्हणजे काय ते बघू. जनरेटरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा कमाल क्षमतेचा असतो. मोटर सुरू होताना लागणारा झटका सोसण्यापुरती ती ताकद असते, दिवसभर ओढायला नाही. आपल्याला हवा तो ‘रेटेड’ किंवा ‘कंटिन्युअस’ आकडा, आणि तो छोट्या अक्षरांत मागच्या पट्टीवर सापडतो. दुसरं, केव्हीए आणि किलोवॅट एक नव्हेत. साध्या जनरेटरला पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला किलोवॅट म्हणून हाती येणारा हिस्सा, ०.८ धरतात, म्हणजे ५ केव्हीएचे ४ किलोवॅट झाले. हे ५ केव्हीए कमाल असतील आणि रेटेड ४.५ असतील, तर हातात ३.६ किलोवॅटच राहतात. थ्री-फेज सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याच्या एका फेजवर एकूण क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशच लोड टाकता येतो आणि तुमचं मशिन सिंगल फेजचं आहे.

आता मशिनकडे. हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर विसंबू नका. व्हॅक्यूम मोटरच्या जाहिरातीत ‘६ एचपी पीक’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढणारी वायर जेमतेम ३ किलोवॅट देते, म्हणजे ४ एचपी, आणि त्यातही मोटर आपला तोटा वजा करूनच काम करते. मग ते सहा एचपी येतात कुठून, हे जाहिरात लिहिणाऱ्यालाच ठाऊक. नेमप्लेटवरचे अँपिअर बरे, पण सगळ्यात चांगलं म्हणजे क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारा मीटर) घेऊन स्वतः मोजणं. मशिनच्या वायरची फेज वेगळी काढलेली एक छोटी जोडवायर करून घ्या, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये धरले तर मीटर शून्यच दाखवतो.

मोजताना बरेच जण एका ठिकाणी चकतात. वाँड (कार्पेटवर फिरवायची होजच्या टोकाची नळी) कार्पेटवर दाबून धरलेला असताना किंवा होज बंद करून मोजला तर करंट कमी दिसतो. व्हॅक्यूम मोटरच्या पंख्याला हवा मिळाली नाही की त्याच्यावरचं काम कमी होतं, मोटर जास्त वेगाने किंचाळते, पण करंट उतरतो. उलट वाँड उचलून धरला, होज मोकळा सोडला की हवा भरपूर वाहते आणि करंट सर्वांत जास्त चढतो. काम करताना प्रत्येक ओढीनंतर वाँड उचललाच जातो, म्हणून आकडा मोकळ्या होजचाच धरायचा.

तुमच्या वर्णनाचं मशिन साधारण असं भरतं: १२०० वॅटच्या दोन व्हॅक्यूम मोटर म्हणजे २४०० वॅट, पंप ५०० वॅटच्या आसपास, हीटर १७५० वॅट. हीटर सोडून २९०० आणि हीटरसकट ४६५० वॅट. इंजिनाला सतत शंभर टक्के लोडवर पिळायचं नसतं, म्हणून यावर पाव भाग वाढवा. हीटरशिवाय ३.६ किलोवॅट, हीटरसकट ५.८ किलोवॅट सतत देणारा जनरेटर लागेल. दोन आकड्यांमधला फरक बघा. एक सेट दोन माणसं सहज उचलून गाडीत ठेवतात, दुसऱ्याला चाकं, फळी आणि कंबरेचा पट्टा लागतो. त्यातच वाळवायला एअर मूव्हर, म्हणजे जोरदार हवा मारणारा पंखा, लावणार असाल तर त्याचेही वॅट मिळवा. तो विसरला जातो आणि शेवटी तोच सेट ट्रिप करतो.

म्हणून हीटरचा निकाल आधी लावा म्हणतो. मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ७० वॅट लागतात. तुमचा १७५० वॅटचा हीटर मिनिटाला एक लिटर वाहत्या पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवतो, दोन लिटर वाहिलं तर जेमतेम १२ अंशांनी. एवढ्यासाठी जनरेटरचा आकार, वजन आणि पेट्रोल जवळपास दीडपट होतं. शिवाय लहान पेट्रोल जनरेटर इंधनातल्या उष्णतेचा पाचवा हिस्साच विजेत बदलतो. चार हिस्से उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या फिन्समधून हवेत सोडायची आणि उरलेल्या पाचव्या हिश्शाची परत उष्णता करायची, हा सरळ घाट्याचा व्यवहार आहे. गरम पाणी हवंच असेल तर निघण्यापूर्वी इन्सुलेटेड टाकीत भरून न्या किंवा गॅसवर चालणारा बाहेरचा हीटर ठेवा. लोकरीचे आणि नाजूक गालिचे तर तसंही कोमट पाण्यानेच करायचे असतात. तेलकट, चिकट कार्पेटला उष्णतेचा फायदा नक्की होतो, पण तिथेही प्री-स्प्रे (धुण्याआधी फवारायचं केमिकल) टाकून दहा-पंधरा मिनिटं मुरू देणं आणि ब्रश फिरवणं हे काम हीटरइतकंच, कधी जास्तच करतं. माझं मत विचाराल तर जनरेटरवर आतला हीटर चालवूच नये. बऱ्याच मशिनना दोन वायरी असतात आणि हीटर दुसऱ्या वायरीवर असतो. ती सरळ गुंडाळून ठेवायची.

सुरुवातीचा झटका हा पुढचा मुद्दा. व्हॅक्यूम मोटर कार्बन ब्रशच्या असतात, त्या सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट घेतात आणि लगेच सावरतात. मोठ्या प्रेशरच्या पंपाला बहुधा इंडक्शन मोटर असते, ती मात्र पाच ते सात पट ओढते. तेव्हा क्रम असा ठेवा: जनरेटर दोन-तीन मिनिटं मोकळा चालू द्या, मग पंप, मग पहिली व्हॅक्यूम, ती स्थिरावली की दुसरी. पंप सुरू करताना वाँडचा ट्रिगर दाबून लाईनमधलं प्रेशर सोडून द्या. पिस्टन पंप अडकलेल्या प्रेशरविरुद्ध सुरू व्हायला गेला की मोटर नुसती गुरगुरते आणि जनरेटर मान टाकतो. बंद करताना उलटा क्रम, आणि सगळा लोड काढल्यावर इंजिन थोडा वेळ मोकळं चालवून मगच बंद करायचं.

इन्व्हर्टर सेटवर ‘इको’चं बटण असतं. लोड कमी असताना इंजिन मंद करून ते पेट्रोल वाचवतं. मशिन सुरू करताना ते बंद ठेवा. इंजिन मंद असताना व्हॅक्यूमचा झटका बसला तर वेग पकडायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. ‘जनरेटर खराब निघाला’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ हे एक बटण असतं.

साधा की इन्व्हर्टर? साध्या सेटमध्ये इंजिनाचा वेगच वीजेची फ्रिक्वेन्सी ठरवतो. ५० हर्ट्झसाठी दोन पोलच्या आल्टरनेटरला मिनिटाला ३००० फेरे, ६० हर्ट्झसाठी ३६००. लोड असो वा नसो, इंजिन पळतच राहतं. इन्व्हर्टर सेट आधी डीसी करून मग नवी एसी बनवतो, त्यामुळे लाट स्वच्छ मिळते आणि इंजिन लोडप्रमाणे वेग बदलतं. खरं सांगायचं तर व्हॅक्यूमच्या ब्रश मोटरला आणि हीटरच्या कॉइलला लाट स्वच्छ आहे की वेडीवाकडी, याचं सोयरसुतक नसतं. इंडक्शन मोटर वाईट लाटेवर जास्त तापते, आणि मशिनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर त्याला जपावं लागतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने चांगला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) असलेला साधा सेटही तुमचं काम करेल. एव्हीआर नसलेला, नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज सांभाळणारा स्वस्त सेट मात्र नको. त्याचं व्होल्टेज लोडबरोबर झुलतं.

इन्व्हर्टर घ्यायचं खरं कारण आवाज आणि वजन. राहत्या इमारतीखाली सकाळी सकाळी उघड्या फ्रेमचा सेट तासभर गरजू द्या आणि बघा, खाली कोण कोण उतरतं ते. बांधकाम चाललेली इमारत, मोकळ्या मैदानावरचा मंडप, गोदाम अशी कामं जास्त असतील तर उघडा सेट चालून जातो. घरं आणि ऑफिसं असतील तर इन्व्हर्टरच. मला स्वतःला २ किलोवॅट वर्गातले दोन इन्व्हर्टर सेट पॅरलल जोडून वापरणं पसंत आहे. एकेकाचं वजन २०-२५ किलो, एकट्याने उचलता येतो. प्रत्येकी सतत १.६ ते १.८ किलोवॅट मिळतात, म्हणजे जोडीने ३.२ ते ३.६. वरच्या हिशेबात हे काठावर बसतं, पण दोन्ही मोटर मोकळ्या होजवर आणि पंपही प्रेशर बांधतोय, असा क्षण कामात सलग टिकत नाही. सोफ्याचं किंवा गाडीच्या सीटचं काम असेल तर एकच न्यायचा. एक बिघडला तरी एका व्हॅक्यूमवर काम उरकता येतं. जोडणी मात्र त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलला चालणाऱ्या पॅरलल किटनेच करायची. दोन साधे सेट एकत्र जोडायचा विचारही मनात आणू नका.

वायरीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. होज लांबवण्यापेक्षा वायर लांबवणं केव्हाही परवडतं, कारण होज वाढला की ओढ कमी होते आणि कार्पेटमध्ये पाणी राहतं. म्हणून मशिन कामाजवळ, जनरेटर लांब. पण वायर जाड हवी. ३० मीटर लांब आणि १ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर १३ अँपिअरला जवळपास १५ व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात, आणि त्याची सुमारे २०० वॅट उष्णता त्या वायरीत मुरते. २.५ स्क्वेअर एमएम घेतली तर हाच तोटा ६ व्होल्टवर येतो. रीलवरची वायर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवून पूर्ण लोड ओढला तर आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळतं. एकदा काम चालू असताना मशिनच्या टोकाला मल्टिमीटर लावून बघा. जनरेटरवर २३० आणि मशिनवर २०५ दिसत असेल तर व्हॅक्यूम मंद फिरणार. ‘कार्पेट दुसऱ्या दिवशीही ओलंच होतं’ अशी तक्रार आली की केमिकल बदलण्याआधी हे व्होल्टेज तपासावं.

आता जिवाशी खेळ होणारा भाग. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि माणूस समजतो की दमलो. आपल्या धंद्यात धोका जास्तच, कारण होज आणि वायर आत न्यायला दार उघडं ठेवावं लागतं, वाळवण्यासाठी खिडक्या उघडतो आणि वर एअर मूव्हर लावून बाहेरची हवा आत ओढतो. जनरेटर दारापाशी ठेवला असेल तर त्याचा धूर आपणच पंख्याने घरात भरत असतो. इमारतीपासून निदान ६ मीटर लांब, सायलेन्सरचं तोंड दार-खिडकीच्या उलट दिशेला, आणि वारा कुठून येतोय ते बघून जागा निवडा. गॅरेजमध्ये, व्हरांड्यात, जिन्याखाली, तळघराच्या उतारावर किंवा गाडीच्या मागच्या भागात दार उघडं ठेवून, यातलं काहीही चालत नाही. पाऊस आला म्हणून आत ओढायचा मोह होतो, तेव्हा काम थांबवा. हल्ली अनेक सेटमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढला की आपोआप बंद होणारा सेन्सर येतो. अमेरिकेत एएनएसआय/पीजीएमए जी३०० हे मानक त्यासाठी आहे. असा सेट मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. पण सेन्सर सेटवर असतो आणि आपण आत असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा अलार्म खोलीत ठेवायचाच.

अर्थिंगचं प्रकरण जरा बारकाईने समजून घ्या, कारण आपण ओल्या कार्पेटवर उभं राहून काम करतो. बऱ्याच लहान जनरेटरमध्ये, विशेषतः इन्व्हर्टर सेटमध्ये, न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. अशा सेटवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावला तरी पहिल्या लीकेजला तो पडत नाही, कारण गळणाऱ्या करंटला परतीचा रस्ताच नसतो. रस्ता नाही म्हणून त्या क्षणी झटकाही बसत नाही, पण तो बिघाड तसाच लपून राहतो आणि दुसरा बिघाड आला की मग खरा दणका बसतो. फसवं हे की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर तो अशा सेटवरही पडतो. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये रेझिस्टर जोडून तपासतं, अर्थशी त्याचा संबंधच नसतो. त्यामुळे ‘टेस्ट केलं, चालतंय’ यावरून ३० मिलिअँपिअरचं संरक्षण खरोखर मिळतंय हे सिद्ध होत नाही. तुमच्या सेटमध्ये न्यूट्रल बॉडीला जोडलेला आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये बघा. तो कसा ठेवायचा याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एक्स्टेंशनचे जोड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा पालथ्या बादलीवर ठेवा. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी घुसवून घराला वीज द्यायचा उद्योग कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. बाहेर लाईनवर काम करणारा वायरमन त्याने मरू शकतो.

उंचावरच्या ठिकाणी काम असेल तर दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के ताकद वजा धरा. १५०० मीटरवर ४ किलोवॅटचा सेट ३.३ चाच उरतो. कडक उन्हातही थोडी घट होते. पेट्रोलऐवजी एलपीजीवर चालवला तर आणखी दहा टक्क्यांच्या आसपास. डिझेल सेट आपल्या कामाला जड पडतो, आणि कमी लोडवर सतत चालवला तर अर्धवट जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये साचतं. पेट्रोलचा खर्च तुमच्या लोडला ताशी दीड ते दोन लिटर धरून चाला. टाकी भरताना सेट बंद आणि थंड हवा, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल भडकायला ठिणगीही लागत नाही.

बॅटरीवरच्या पॉवर स्टेशनबद्दल अलीकडे बरेच जण विचारतात. २ किलोवॅट-तासाच्या बॅटरीतून हाताशी १.७ येतात. २.९ किलोवॅटच्या लोडवर ती पस्तीस मिनिटांत संपते, आणि तेही तिचा इन्व्हर्टर तेवढा लोड उचलणारा असेल तरच. एक सोफा, गाडीच्या सीट किंवा डाग काढणं एवढ्याला ठीक, अख्ख्या घराला नाही.

जिथे वीज आहे पण एमसीबी पडतो, तिथे जनरेटर काढण्याआधी मशिनच्या दोन वायरी दोन वेगळ्या सर्किटवर लावून बघा. एकाच खोलीतली दोन सॉकेट बहुधा एकाच सर्किटवर असतात. एक वायर स्वयंपाकघरातल्या पॉवर सॉकेटवर नेली की अर्ध्याअधिक वेळा प्रश्न मिटतो.

घेताना आपलं मशिन दुकानात घेऊन जा. दुकानदार नाखूश होईल, होऊ दे. पंप आणि दोन्ही व्हॅक्यूम लावून, होज मोकळा सोडून अर्धा तास चालवा. मल्टिमीटरवर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही बघा. साधा ५० हर्ट्झचा सेट मोकळा असताना ५२ च्या आसपास आणि पूर्ण लोडवर ५० ला आला तर उत्तम. ४८ च्या खाली गेला तर इंजिनात दम नाही. याच वेळी एक व्हॅक्यूम बंद-चालू करून बघा, सेट किती लवकर सावरतो ते तिथेच कळतं. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळते का, हे कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं. कंपनीचा प्रश्न माझ्यापुरता एवढ्यावरच सुटतो.

घरी आणल्यावर पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. महिनाभर काम नसेल तर पेट्रोल काढून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पडून राहिलं की जेट चोंदतो, आणि मग पुढच्या कामाच्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखतो, सेट काही सुरू होत नाही.